वाढदिवसाचा गूळ आणि उरलेले 364 दिवस

गोरक्षणातला एखादा फोटो व्हायरल होतो, ग्रुपवर शिव्या पडतात आणि दोन दिवसांत सगळे विसरतात. जनावरांच्या बरगड्या मात्र तशाच दिसत राहतात. असं का होतं?

सुट्टी टाकून पुण्याहून दर्यापूरला गेलात की आईचा एक प्रोग्राम ठरलेला असतो. वाढदिवस जवळ आला असेल तर मग विचारूच नका! गोरक्षणात जायचं, हिरव्या चाऱ्याच्या चार पेंढ्या टाकायच्या, गायीला गूळ भरवायचा, एक फोटो. झालं.

पण कधीतरी नजर मागच्या शेडकडे जाते. चिखलात बसलेलं जनावर, रिकामी गव्हाण, जखमेवर माशा. आता फोटो वेगळाच निघतो. आधी फॅमिली ग्रुपवर, मग गावाच्या. आणि प्रश्न येतो, 'देणग्या जातात तरी कुठं?'

प्रश्न रास्तच आहे. फक्त त्याचं उत्तर कमिटीच्या तिजोरीत जितकं आहे, तितकंच गेटच्या बाहेरही आहे.

नातं जुनं आहे

आपल्या वऱ्हाडात गोरक्षण हा पत्ता सांगायचा शब्द आहे. अकोल्यात तर अख्खा गोरक्षण रोड आहे. दर्यापूरच्या शेजारच्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम उभं केलं होतं. तिकडे मुंबईत 1832 मध्ये रस्त्यावरची कुत्री मारण्यावरून दंगल झाली, आणि 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय व इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकारानं पांजरपोळ सुरू झाला. म्हणजे 'भाकड जनावराला पोसणार कोण?' हा प्रश्न जवळपास दोनशे वर्षं जुना. उत्तरही तेच, जो कमावतो त्यानं थोडं काढून ठेवायचं.

आवक वाढली

1976 च्या राज्याच्या कायद्यानं गाय कापायला बंदी होती. 4 मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. या बंदीच्या बाजूनं की विरोधात, यावर वाद घालायला कॅन्टीन आहेच! पण गणित बघा. ट्रॅक्टर आला, बैलाचं काम संपलं. बाजारात म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही. पोळ्याला ज्याची शिंगं रंगवली, तोच दोन वर्षांनी शेतकऱ्याला परवडत नाही. मग एक तर तो गोरक्षणात येतो, नाही तर हायवेवर.

पोलिसांनी पकडलेल्या गाडीतली जनावरंही इथंच उतरतात. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे त्यांच्या देखभालीचा खर्च आरोपीकडून घेता येतो. पण खटला चालतो तारखांवर आणि जनावर खातं रोज.

पन्नास रुपयांचं गणित

2024 च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरवलं. वाईट नाही. पण समजा, एका गोरक्षणात 100 जनावरं आहेत आणि त्यातल्या देशी गायी 40. बाकी बैल, गोऱ्हे, संकरित. अनुदान येणार दिवसाला 2,000 रुपये. सगळ्यांत वाटलं तर डोक्यामागे 20 रुपये. कॉफी शॉपचा कपही येत नाही त्यात!

आणि खर्च? मोठ्या जनावराला दिवसाला साधारण सहा किलो कोरडा चारा धरला तरी 100 जनावरांना वर्षाला जवळपास 220 टन लागतो. औषधं, मजूर, वीज, पाणी वेगळं.

कुटार आणावं कुठून?

दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारं, ओलीत जेमतेम, म्हणून बारमाही हिरवा चारा हा इथं लक्झरी आयटम. आधी घरोघरी ज्वारी होती, कडब्याच्या गंज्या लागायच्या. आता कपाशी, तूर, सोयाबीन, हरभरा. भिस्त सगळी कुटारावर. त्यातही हार्वेस्टरनं काढलेल्या शेतात बरंचसं कुटार रानातच विखरून पडतं. मार्च-एप्रिलमध्ये साठा केला नाही, तर जून-जुलैत गव्हाण रिकामी दिसणारच. तुमचा वाढदिवस नेमका त्याच महिन्यात असेल तर फोटोही तसाच येणार.

2022 मध्ये लम्पी आला तेव्हा दुसरी कमजोरी उघडी पडली. आजारी जनावर वेगळं ठेवायला जागा लागते, आणि दाटीवाटीच्या शेडमध्ये नेमकी तीच नसते.

तरीही विचारायचंच

पैसा कमी आहे, म्हणून सगळं माफ? अजिबात नाही. पाण्याचं टाकं घासायला, शेण उचलायला, जखम धुवायला अनुदान लागत नाही. आणि शेडमध्ये जागाच नसेल, तर नवीन जनावर घेताना 'नाही' म्हणणं हीसुद्धा दयाच आहे. सार्वजनिक न्यास असेल तर हिशेबाचं ऑडिट आणि धर्मादाय कार्यालयाकडे तो देणं बंधनकारक आहे. देणगीदारानं हिशेब मागितला म्हणून रागावणाऱ्या संस्थेला दुसऱ्यांदा चेक देऊ नका. हसून रजिस्टर पुढे करणारीला मात्र विसरू नका.

पुढच्या वेळी जाल तेव्हा...

• नुसती हाडं बघून निकाल देऊ नका, म्हातारं जनावर हडकुळं असतंच. जखमा, डोळे, खुरं, बसायची जागा कोरडी आहे का, ते बघा.

• तीन आकडे विचारा. आज जनावरं किती, गेल्या महिन्यात दगावली किती, कुटाराचा साठा किती दिवसांचा?

• पशुवैद्यक कधी येतात? कानात 12 आकडी बिल्ला आहे का?

• लग्नातला उरलेला भात, पोळ्यांचा ढीग किंवा पाच किलो गूळ एकाच गायीला? प्लीज, नको! पोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकतं. प्लास्टिकची पिशवी तर परत घरीच आणा.

• एकदाच 5,000 देण्यापेक्षा महिन्याला 500 द्या, पावती घेऊन. पाच मित्र मिळून मार्चमध्ये कुटाराची एक ट्रॉली घेतली तर त्याहून भारी.

गूळ भरवतानाचा फोटो जरूर काढा. फक्त निघताना मागच्या शेडपर्यंत एक चक्कर टाका. तिथल्या जनावराचा वाढदिवस कुणालाच माहीत नसतो, भूक मात्र त्याला रोज लागते.