प्रिंट मारण्याआधी एक ‘पाइप’ लावा!

सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लावलीय कधी? मग ही गोष्ट तुमचीच समजा.

माझी रूममेट बीएस्सी आयटीला. युनिक्सच्या जर्नलला तिला काही कमांडची मॅन पेजेस, म्हणजे त्या कमांड कशा वापरायच्या याची पानं जोडायची होती. माझ्या मॅकवर तिने ती फाइलमध्ये सेव्ह केली, टर्मिनलवर बघितली, एकदम ओके! पेन ड्राइव्ह घेऊन आम्ही दुकानात. बावीस पानं बाहेर आली आणि ठळक शब्दांतलं प्रत्येक अक्षर दोनदा! ‘अगं, प्रिंटरला डबल दिसतंय का?’ मी विचारलं. ती रडायच्या बेतात. पैसे गेले ते वेगळेच.

दोष प्रिंटरचा नव्हता. युनिक्सचा जन्म १९६९ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. तेव्हा कॉम्प्युटरचं उत्तर बहुतेक वेळा पडद्यावर नाही, तर टाइपरायटरसारख्या टेलिटाइप यंत्रावर, थेट कागदावर उमटायचं. अक्षर ठळक हवंय? ते छापा, एक घर मागे या, त्याच्यावरच पुन्हा छापा. अधोरेखित हवंय? रेघ मारा, मागे या, अक्षर छापा. टायपिंगचा क्लास केलेल्या मावशीला विचारा, तिला हे लगेच कळेल.

ती ‘मागे या’ची खूण, म्हणजे बॅकस्पेस, आमच्या फाइलमध्ये तशीच बसली होती. टर्मिनल ती पाळतं, म्हणून पडद्यावर सगळं छान दिसतं. दुकानातल्या साध्या एडिटरला ती कळत नाही. तो दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी मांडून मोकळा होतो.

यावरचा उपायही त्याच काळातला. कमांडचं नाव सी-ओ-एल, उच्चार ‘कॉल’. मॅनची कमांड लिहा, पुढे पाइपची उभी रेघ, मग कॉल, स्पेस, डॅश आणि बी. शेवटी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह देऊन फाइलचं नाव. एका जागेवर कितीही अक्षरं छापलेली असोत, कॉल त्यातलं शेवटचं तेवढं ठेवतं. त्यात एक्स जोडलात तर टॅबऐवजी साध्या स्पेस येतात आणि रकाने हलत नाहीत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, यात ठळकपणा आणि अधोरेखन कायमचं जातं, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा. दोन, लिनक्सवर मॅनचं आउटपुट फाइलमध्ये पाठवलं, तर हल्ली ही सफाई बहुतेक वेळा आपोआप होते. मॅकवर मात्र स्वतः करावी लागते.

पानं पाडायला पी-आर ही कमांड आहे. ती तारीख, फाइलचं नाव आणि पान नंबर वर टाकते. पानाला ६६ ओळी धरते, कारण अमेरिकन कागद ११ इंच लांब आणि इंचाला ६ ओळी. आपला ए-फोर थोडा लांब असतो, त्यामुळे खाली जरा जास्त जागा सुटेल, घाबरू नका.

रूममेटने रात्री साडेअकराला पुन्हा प्रिंट काढल्या. जर्नल वेळेत गेलं. तुमचंही उद्या सबमिशन असेल, तर सगळा गठ्ठा छापायला देण्याआधी एकच पान काढून बघा!