सरकारनं केलं म्हणजे घटनेत बसतंच का?

गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "विधानसभेनं कायदा केला, म्हणजे तो घटनेला धरूनच असणार ना?" बऱ्याच जणी हो म्हणतात. तसं नसतं. मूलभूत हक्क हिरावणारा कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, हे घटनेच्या १३ व्या कलमातच लिहिलंय.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. ऐकून काही जणी नाक मुरडतील, मुरडू द्या. २००५ मध्ये महाराष्ट्रात डान्स बारमधल्या नाचावर बंदी आली. थ्री स्टार आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट! नाचून घर चालवणाऱ्या हजारो बायकांचं काम गेलं. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं.

नाच चांगला की वाईट, हा मुद्दाच नव्हता. तोच नाच मोठ्या हॉटेलात चालतो, मग साध्या बारमध्ये का नाही? इथं कलम १४, समानता. आणि बाईचा कमवायचा हक्क, कलम १९, सरसकट बंदीनं काढून घेता येतो का? शोषणाची काळजी असेल तर संरक्षण द्या, नियम करा.

नियमही तपासले जातात बरं. २०१६ च्या नव्या कायद्यातली देवळा-शाळेपासून एक किलोमीटरची अट २०१९ मध्ये न्यायालयानं काढली. नोटा उधळायला मनाई मात्र ठेवली.