बिनतारी जाळ्यांतील विश्वासार्ह माहितीप्रेषण आणि नेटवर्क कोडिंग

बिनतारी जाळ्यात पाठविलेले प्रत्येक पॅकेट पोहोचतेच असे नाही. क्षीण संकेत व इतर प्रेषकांचा हस्तक्षेप यांमुळे काही पॅकेटे हरवतात आणि ती पुन्हा पाठवावी लागतात. हे पुनर्प्रेषण म्हणजेच विश्वासार्हतेची किंमत होय.

उदाहरणादाखल परभणी जिल्ह्यातील बारवांचे गाव वालूर घेता येईल. तेथील एका मनोऱ्यावरून शाळा व ग्रामपंचायत यांना एकच माहिती प्रसारित होत आहे, अशी कल्पना करावी. शाळेला ‘अ’ पॅकेट मिळाले, ‘ब’ हरवले. ग्रामपंचायतीकडे नेमके उलट घडले. प्रचलित पद्धतीत दोन्ही पॅकेटे पुन्हा पाठवावी लागतात. नेटवर्क कोडिंगमध्ये मात्र मनोरा दोहोंवर ‘एक्सॉर’ क्रिया करून एकच पॅकेट पाठवितो. या क्रियेत समान अंकांचे ० व भिन्न अंकांचे १ होते. अ = १०११ व ब = ०११० असल्यास मिश्र पॅकेट ११०१ येते. शाळेने त्याची आपल्याजवळील १०११ शी तीच क्रिया केली की ०११० हाती लागते; ग्रामपंचायतीला त्याच रीतीने १०११ मिळते.

दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे २० टक्के पॅकेटे हरवत असतील, तर १०० पॅकेटांसाठी प्रचलित पद्धतीत सरासरी सुमारे १४६ प्रेषणे लागतात. मोठ्या संचावर कोडिंग केल्यास ती १२५ च्या जवळ येतात. येथे ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वीज जाऊन मनोराच बंद पडला तर दोघांचीही तीच पॅकेटे हरवतात आणि मिश्रणाचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय कोणाजवळ काय पोहोचले याची पोच मनोऱ्याला मिळावी लागते, तसेच जोडी जमेपर्यंत थांबावे लागते. दूरध्वनी संभाषणासारख्या सेवेत हा विलंब परवडणारा नाही.

या संकल्पनेचा सैद्धांतिक पाया आल्स्वेडे, काई, ली व यंग यांनी २००० साली घातला. आयआयटी मुंबईचे पदवीधर सचिन कत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘कोप’ ही पद्धती २० केंद्रांच्या प्रत्यक्ष बिनतारी जाळ्यावर तपासली. तिचा मुख्य हेतू जाळ्याची वहनक्षमता वाढविणे हा होता व काही परिस्थितींत ती कित्येक पटींनी वाढलीही. परंतु परस्परांना न ‘ऐकू’ येणाऱ्या केंद्रांची प्रेषणे एकमेकांवर आदळत होती, तेथे टीसीपी वाहतुकीला जवळजवळ लाभ झाला नाही. मिश्रणाची संधी निर्माण होण्याइतकी वाहतूकच तेथे साचत नव्हती.