शाखा लोहमार्गावरील मालवाहतूक : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
रिसोड तालुक्यातील केनवड परिसरात सोयाबीन, तूर व हरभरा ही महत्त्वाची पिके होत. तालुक्यातून लोहमार्ग जात नसल्याने येथील शेतमालाचा पहिला टप्पा रस्त्यानेच पार पडतो. जिल्ह्यास मात्र दोन शाखा लोहमार्ग लाभले. रूळ असूनही त्यांवरील मालवाहतूक कशावर अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गेजभेद :
कारंजा (लाड) येथून जाणारा मूर्तिजापूर–यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग ‘शकुंतला’ या नावाने परिचित आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेणे हा त्याच्या उभारणीचा मुख्य हेतू होता. त्याच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर, तर मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गाचे १६७६ मिलिमीटर होते. परिणामी शाखेची वाघीण मुख्य मार्गावर जात नसे. माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. ट्रकने थेट पोहोचणाऱ्या मालापुढे ही दुहेरी हमाली परवडणारी नव्हती.

वाशीमवरून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग मीटरगेज होता. २००८ मध्ये त्याचे ब्रॉडगेज रूपांतर पूर्ण झाले व ही अडचण दूर झाली.

सामायिक मार्ग :
गेज बदलले, तरी मार्ग एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर प्रवासी व मालगाड्या त्याच रुळांवरून दोन्ही दिशांना धावतात. प्रवासी गाडीस सामान्यतः प्राधान्य असल्याने मालगाडी स्थानकातील लूप मार्गावर थांबते. म्हणून लूपची लांबी संपूर्ण मालगाडी सामावेल इतकी असावी लागते. शिवाय दक्षिण मध्य रेल्वेच्या या मार्गावरून आलेल्या गाडीस अकोल्याला मध्य रेल्वेच्या वर्दळीच्या मुंबई–हावडा मार्गावर वाट मिळावी लागते.

समारोप :
बंद वाघिणींच्या एका पूर्ण मालगाडीत सुमारे २,५०० टन धान्य मावते, म्हणजे २५ टनी १०० ट्रकांचा माल. केनवडच्या अल्पभूधारकाचे उत्पादन मात्र क्विंटलांत मोजले जाते. ही दरी गोदाम, सामूहिक विक्री व खेळते भांडवल यांनीच सांधता येईल. तशी व्यवस्था शेतकऱ्यांच्या हाती नसेल, तर रेल्वेच्या स्वस्त वाहतुकीचा लाभ माल साठवू शकणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यापुरताच मर्यादित राहतो. वाशीमपुरता गेजचा प्रश्न सुटला आहे; माल एकत्र आणण्याचा प्रश्न शेष आहे.