वऱ्हाड गेलं, चिनीखाना राहिला

मे १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिला. कारण साधं होतं. निजामाच्या नावाने ठेवलेल्या, पण इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या फौजेचा पगार थकला होता आणि कर्ज फिटत नव्हतं. तह झाला, आणि तो पार पाडणारे दिवाण सिराज-उल-मुल्क काही दिवसांतच वारले. त्यांच्या जागी आला २४ वर्षांचा पुतण्या मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिला सालारजंग. आजच्या वाशिम जिल्ह्यातलं, मंगरुळपीर तालुक्यातलं आसेगाव हे त्या हातच्या गेलेल्या मुलखातलंच एक गाव.

आसेगावचा आणि जर्मनीतल्या नाजूक बाहुल्यांचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. युरोपातली जुनी चिनी मातीची भांडी आणि मूर्ती यांचे जे दोन मोठे संग्रह आज इकडच्या माणसाला गाडीत बसून पाहता येतात, ते हैदराबादला आणि मुंबईला. त्यातल्या एका घराण्याच्या हातून वऱ्हाड गेलं होतं. दुसऱ्याच्या भरभराटीत वऱ्हाडच्या कापसाचा वाटा होता. खुद्द वऱ्हाडात मात्र असा एकही संग्रह उभा राहिला नाही.

पहिला सालारजंग पुढची तीस वर्षं, १८८३ साली मरेपर्यंत, हैदराबादचा कारभार हाकत होता, आणि वऱ्हाड परत मिळावं म्हणून इंग्रजांकडे अर्जविनंत्याही करत होता. १८७६ साली तो विलायतेला गेला. वाटेत पॅरिसला हॉटेलच्या जिन्यावरून घसरून त्याचं हाड मोडलं, पुढे ऑक्सफर्डने त्याला मानाची पदवी दिली, भेटीगाठी आणि मेजवान्या झाल्या. वऱ्हाड काही मिळालं नाही. मिळाली ती रोममधली संगमरवरी रेबेका. जोवान्नी मारिया बेंझोनी या शिल्पकाराने दगडातून झिरझिरीत बुरखा कोरलेली ही मूर्ती सालारजंगाने त्याच दौऱ्यात विकत घेतली. मुलूख मागायला गेलेला दिवाण मूर्ती घेऊन परतला, असं म्हणणं थोडं दुष्टपणाचं आहे, पण खोटं नाही.

त्याच्या वाड्याला दिवाण देवडी म्हणत. चारमिनारपासून तो दूर नव्हता. त्यात आईनाखाना होता तसाच चिनीखानाही होता, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांनी सजवलेला दिवाणखाना. भिंतीवर बशा लावून खोली सजवण्याची हौस आशियातल्या दरबारांना जुनी, युरोपातल्या राजवाड्यांनाही तिचं वेड लागलेलं. सालारजंगासारख्या माणसाकडे या दोन्ही हौशी एकत्र आल्या.

युरोपला हे वेड किती महागात पडलं होतं त्याची कथा सांगण्यासारखी आहे. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून चीन-जपानची भांडी तिकडे जात. पांढरीशुभ्र, पातळ, उजेडाकडे धरली तर बोटांची सावली दाखवणारी, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी. ती कशी करायची हे युरोपात कुणालाच माहीत नव्हतं. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस, ज्याला लोक बलवान ऑगस्टस म्हणत, या भांड्यांमागे इतका वेडावला की १७१७ साली त्याने आपले ६०० घोडेस्वार सैनिक प्रशियाच्या राजाला दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. सैनिकांची मोजदाद एका पारड्यात, सुरया-बरण्यांची दुसऱ्यात!

त्याआधीच त्याने एका तरुणाला कोंडून ठेवलं होतं. योहान फ्रीडरिश बॉटगर. हा आपण सोनं करू शकतो असं सांगत हिंडायचा. सोनं काही झालं नाही, पण चिर्नहाउस नावाच्या विद्वानाच्या देखरेखीखाली माती, दगड आणि भट्टीचे प्रयोग करता करता १७०८ च्या सुमारास त्याच्या हाती चिनी मातीचं कोडं लागलं. केओलिन नावाची पांढरी माती, तिला सांधणारा दगडाचा चुरा आणि तेराशे-चौदाशे अंशांच्या घरातली आच. १७१० साली ड्रेस्डेनजवळच्या माइसेन गावी, टेकडीवरच्या किल्ल्यात कारखाना निघाला. किल्ल्यात अशासाठी, की रहस्य बाहेर फुटू नये. ते फुटलंच, काही वर्षांतच कारागीर पळून व्हिएन्नाला गेले.

मूर्तींचं खरं युग सुरू झालं ते १७३१ साली योहान योआखिम केंडलर माइसेनला आल्यावर. दरबारी मेजवान्यांत तोवर साखरेच्या बाहुल्या टेबलावर मांडत. केंडलरने त्यांची जागा चिनी मातीच्या मूर्तींना दिली. मेंढपाळ, विदूषक, प्रेमी युगुलं, माकडांचा वाद्यवृंद, सगळे वीतभर उंचीचे आणि चेहऱ्यावर नेमका भाव घेऊन. फ्रान्समध्ये व्हँसेनचा कारखाना १७५६ साली सेव्हरला हलला आणि राजाश्रयाने भरभराटला. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडने १७५९ साली स्वतःची भट्टी घातली. त्याची निळ्या अंगावर पांढरी नक्षी उठवलेली ‘जॅस्पर’ भांडी आजही लांबून ओळखू येतात.

हैदराबादकडे वळायचं तर नाव घ्यायला हवं तिसऱ्या सालारजंगाचं. मीर युसुफ अली खान. जन्म १३ जून १८८९, आणि जन्मगाव पुणे. महिनाभरात वडील गेले. मुलगा मोठा झाला, १९१२ साली निजामाचा दिवाण झाला आणि १९१४ साली त्याने ते पद सोडलं. वय पंचविशीचं, लग्न केलं नाही, जहागिरीचं उत्पन्न अमाप. पुढची पस्तीसएक वर्षं त्याने फक्त वस्तू जमवल्या. विक्रेते देवडीवर वस्तू घेऊन येत, तो स्वतः युरोपात जाऊन खरेदी करी. ड्रेस्डेन, सेव्हर, वेजवुड, मिंटन, चेल्सी, वुस्टर, एकही मोठं नाव त्याने सोडलं नाही.

त्याची निवड नेहमीच अचूक होती, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. अस्सल आणि नकली, थोर आणि केवळ चकचकीत, असं सगळंच त्याच्या कोठीत शिरलं. संग्रह म्हणजे अभिरुची, असं मानणाऱ्यांना सालारजंगाचा हा पसारा अजागळ वाटतो. पण एका माणसाची भूक किती दिशांना धावू शकते हे पाहायचं असेल तर त्याच्याइतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही.

२ मार्च १९४९ रोजी तो वारला. वारस म्हणावं असं मूल नव्हतं, हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि देवडीत खोल्याच्या खोल्या भरलेल्या. अशा वेळी सहसा काय होतं ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या वाड्याला विचारावं. वाटण्या होतात, जोडीतली एक फुलदाणी थोरल्याकडे जाते, दुसरी धाकट्याकडे, आणि उरलेलं भंगारवाल्याकडे. इथे तसं झालं नाही. तेव्हाचे मुख्य मुलकी प्रशासक एम. के. वेल्लोडी यांनी वस्तूंचं संग्रहालय करायचं मनावर घेतलं, कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांना मांडणीसाठी बोलावलं, आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते ते उघडलं. वारसांचा प्रश्न न्यायालयात मिटायला डिसेंबर १९५८ उजाडला. १९६१ साली संसदेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं आणि १९६८ साली ते मुसीकाठच्या नव्या इमारतीत गेलं. आसेगावच्या माणसाला मुंबईपेक्षा ते जवळ आहे. वाशिमला गाडी धरावी, पूर्णा-नांदेडवरून खाली उतरावं.

मुंबईची हकीकत वेगळी, आणि जास्त शिस्तीची. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते ६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. जमशेटजी टाटांनी नेमकं हे हेरलं. गिरणी मुंबईत घालण्याऐवजी कापूस पिकतो तिथेच घालायची. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. टाटांच्या संपत्तीचा पाया घालणाऱ्या उद्योगांत ती अग्रभागी होती.

जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी लंडनजवळ ट्विकनहॅमला १९०६ साली यॉर्क हाउस नावाचं घर घेतलं. फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या एका राजपुत्राकडून घेतलेलं हे घर त्यांनी युरोपीय चित्रं, चिनी जेड आणि पोर्सेलिन यांनी भरलं. याच माणसाने पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा पुरवला, म्हणजे त्यांची नजर फक्त शोकेसपुरती नव्हती. १९१८ साली ते वारले आणि संग्रह मृत्युपत्राने मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाला मिळाला. जॉर्ज विटेटने बांधलेली ती इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ म्हणून वापरात होती. संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली १० जानेवारी १९२२ रोजी. थोरले बंधू सर दोराबजी १९३२ साली गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचाही संग्रह तिथेच आला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं युरोपीय शोभेच्या कलांचं दालन उभं आहे ते या दोघा भावांच्या जिवावर.

बडोद्याचा उल्लेख न करता पुढे जाणं बरं नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांनी १८९४ साली संग्रहालय उभारलं. त्यांना संग्रह प्रजेच्या शिक्षणासाठी हवा होता, म्हणून तिथली युरोपीय भांडी शाळेतल्या नकाशासारखी मांडलेली वाटतात. ती कुणाची खासगी हौस वाटत नाहीत.

राजेरजवाडे आणि गिरणीमालक यांच्याखालचा थर अधिक रंजक आहे, पण त्याची नोंद कुणी ठेवली नाही. मुंबई बंदरात उतरणाऱ्या जर्मन आणि इंग्रजी मालात स्वस्त चिनी मातीही भरपूर असे. लोणच्याच्या बरण्या, कपबशा, आणि बाहुल्या. चैत्रगौरीपुढे पायऱ्यांवर मांडलेल्या आराशीत परकर-पोलक्यातल्या बाहुलीशेजारी गोऱ्या गालांची, झालरीचा झगा घातलेली मडमही खुशाल बसे.

याच काळात एक चमत्कारिक वस्तू बाजारात आली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे फ्रिट्झ श्लायशर हा जर्मन तंत्रज्ञ होता, आणि पुढे तोच मालक झाला. घराघरांत लक्ष्मी-सरस्वती कशा दिसतात हे या छापील चित्रांनी ठरवून टाकलं. ती चित्रं जर्मन कारखान्यांच्याही हाती लागली आणि त्यांनी तशाच मूर्ती चिनी मातीत घडवून हिंदुस्थानात पाठवल्या. मुरलीधर कृष्ण, वीणाधारी सरस्वती, तळाशी ‘मेड इन जर्मनी’. चेहरेपट्टी बारकाईने पाहिली तर कृष्णाच्या ओठांत केंडलरच्या मेंढपाळाची लाडिक छटा दिसते. १९१४ साली युद्ध पेटलं, जर्मन माल थांबला आणि बाजार जपान्यांनी धरला. संग्राहकांनी या मूर्तींकडे फार काळ दुर्लक्ष केलं. भारतीयांना त्या परक्या वाटत आणि युरोपीयांना बाजारू. प्रत्यक्षात इकडच्या घरांसाठी म्हणून घडलेली युरोपीय चिनी माती ती हीच, आणि त्या अर्थाने ती सेव्हरच्या बशीपेक्षा आपल्याला जवळची.

उलट दिशेचा प्रवासही झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७० नंतर सिंधकडच्या कुंभारांना बोलावून झिलईची भांडी घडवली, त्यांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या आकृती रंगवून घेतल्या. ‘बॉम्बे पॉटरी’ या नावाने ती विलायतेत विकली गेली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात तिचे उत्तम नमुने आहेत.

आज मटण स्ट्रीटवर, म्हणजे मुंबईच्या चोरबाजारात, अशी एखादी मूर्ती हाती लागली तर जाणकार आधी तिला उलटी करतो. तळाचा छाप पाहायचा. माइसेनच्या एकमेकींना छेदणाऱ्या निळ्या तलवारी जगात सर्वांत जास्त नकलल्या गेल्या आहेत, पॅरिसच्या सॅमसन कंपनीने तर नकलांचाच धंदा थाटला होता. ‘ड्रेस्डेन’ लिहिलं आणि वर मुकुट असला तर तो माइसेनचा माल नव्हे. त्या शहरातल्या चार रंगारी पेढ्यांनी १८८३ साली नोंदवलेली ती खूण आहे. देशाचं नाव छापलेलं असेल तर वस्तू बहुधा १८९० नंतरची, कारण ब्रिटनच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांनी मालावर मूळ देश लिहायला भाग पाडलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते ५२ मधली. मग टिचकी. खणखण आवाज आला तर अंग शाबूत, बद्द आला तर कुठेतरी तडा. आणि शेवटी बोटांची टोकं, फुलांच्या पाकळ्या, छत्रीच्या कडा, जिथे टवका हमखास उडालेला असतो किंवा मागून जोडलेला असतो.

विकत घेणाऱ्याला अजून एक गोष्ट ठाऊक हवी. पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा १९७२ सालचा, अंमल एप्रिल १९७६ पासून. ऐतिहासिक मोलाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि वस्तू तेवढी जुनी नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून घ्यावा लागतो. १९१४ पूर्वी उतरलेल्या त्या जर्मन सरस्वत्यांनी आता शंभरी ओलांडली आहे. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांची किंमत काहीही होवो, इथे असलेल्या मूर्तींचं गिऱ्हाईक इथेच शोधावं लागतं, आणि गेल्या काही वर्षांत ते मिळूही लागलं आहे.