हुकूम पिशवीत, कोयता दाराआड

भांडी घासायची राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ. आजचं बोलणं एका ताईंच्या प्रश्नावरून सुचलं आहे.

इंदापूरकडच्या एका बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, आणि उठता उठता त्या ताई म्हणाल्या, "मॅडम, कोर्टाचा हुकूम झालाय. नवऱ्यानं अंगाला हात लावायचा नाही, असं लिहिलंय त्यात. पण कोयता हाय तिथंच दाराआड हाय. मग ह्या हुकमाचं काय करू, उशाला घेऊन झोपू?" बायका हसल्या. त्या ताई मात्र हसल्या नाहीत. हुकमाचा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवला होता.

त्यांचं नाव-गाव मी सांगणार नाही. पण प्रश्न एकट्या त्यांचा नाही. न्याय एका खोलीत मिळतो आणि हत्याराचा बंदोबस्त दुसऱ्या खोलीत होतो. ह्या दोन खोल्यांच्या मधलं दार कुणी उघडायचं, एवढाच आजचा विषय.

आधी कोयत्याचं बघू. आपल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखाने आहेत. दिवाळीच्या पुढं-मागं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. म्हणजे ह्या हत्यारावर आख्खा संसार चालतो. आपल्याही घरात गवताला, उसाला, नारळाला कोयता लागतोच. त्यामुळं ठाण्यात गेल्यावर "अहो, शेतीचं अवजार आहे, आम्ही ते कसं उचलणार?" असं उत्तर येतं. ते अगदीच खोटं नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारावर बंधन येऊ शकतं, पण घरकाम, शेती आणि कारखान्याच्या कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. फडातला कोयता गुन्हा नाही. तोच बायकोच्या मानेवर धरला की गोष्ट बदलते.

आता कुठल्या खोलीत काय असतं ते बघा. मार लागला, जीव धोक्यात आला, तर पोलीस ठाणं. नवऱ्यानं मारू नये, घराबाहेर काढू नये असा हुकूम हवा, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्याचं कोर्ट. कोर्टात जायला मदत करतात महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी. घरात परवान्याची बंदूक असेल तर तो परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात, पुण्याला. वकील लागला तर तालुका विधी सेवा समिती. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. गावात पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समिती. प्रत्येकाचं टेबल वेगळं, शिक्का वेगळा, फाईल वेगळी. एका टेबलावरचा कागद आपल्या पायानं दुसऱ्या टेबलावर जात नाही.

नीरा डाव्या कालव्याचं तुम्हाला सांगायला नको. आवर्तन सुटलं म्हणून टेलच्या रानात पाणी आलं असं होत नाही. चारी साफ लागते, दार उघडं लागतं, पाळीला कुणीतरी उभं राहावं लागतं.

मोठ्या मोठ्या संस्थांचीही हीच गत झालेली आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया नावाचा छोटा देश आहे. १९८९ पासून २००३ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथं आपसातलं युद्ध चाललं. शेवटी बायकाच उठल्या. पांढरे कपडे घालून रोज राजधानीत मासळी बाजाराजवळ बसायच्या, उन्हात आणि पावसात. घाना देशात तहाची बोलणी रेंगाळली तेव्हा त्यांनी सभागृहाची दारं अडवून धरली. त्यांच्या पुढारी लेमा गबोवी यांना २०११ च्या शांततेच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

तह झाला २००३ च्या ऑगस्टमध्ये. डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी हत्यारं गोळा करायला घेतली. हत्यार द्या आणि पैसे घ्या, असा हिशेब होता. तयारी अपुरी पडली, पैशावरून दंगल झाली, आणि काम एप्रिल २००४ पर्यंत थांबवावं लागलं. पुढं एक लाखाहून जास्त लोकांची नोंद झाली, पण बंदुका जमा झाल्या तीस हजारांच्या आत. कारण बंदुकीऐवजी दीडशे काडतुसं आणली तरी नाव लागत होतं. योजनेत नाव लागतंय म्हटल्यावर काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

हत्यारांची मोहीम अशी चालली. न्यायाचं काय? युद्धात आणि युद्धानंतर बायकांवर जे अत्याचार झाले, त्या खटल्यांसाठी वेगळं न्यायालय राजधानीत उभं राहिलं २००८ साली. मधली चार वर्षं त्या बायकांनी काय केलं असेल? २००७ साली आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभराहून जास्त महिला तिथं बंदोबस्ताला गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या कामातली ती पहिली पूर्ण महिलांची पोलीस तुकडी. अभिमानाची गोष्ट आहे. पण रस्त्यावर गस्त असली आणि पुढं कोर्टच चालत नसलं, तर तक्रार अर्ध्या वाटेत अडकते.

असे अनुभव आल्यावर संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली पोलीस, न्याय आणि तुरुंग ह्या तीन कामांसाठी एक सामाईक संपर्क व्यवस्था केली, म्हणजे कुठल्या देशाला मदत लागली तर तीन खात्यांची तीन तोंडं नकोत. २०१५ साली शाश्वत विकासाची सतरा ध्येयं ठरली. त्यातल्या सोळाव्या ध्येयात हिंसा कमी करणं, सगळ्यांना न्याय मिळणं आणि बेकायदा शस्त्रांना आळा घालणं ही कामं एकत्र घातली आहेत.

आता परत दाराआडच्या कोयत्याकडे येऊ. आपल्या कायद्यात ह्या खोल्यांना जोडणारं एक दार आहे, पण ते फार कमी जण वापरतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे २००६ चे नियम आहेत. त्यातला नियम १० संरक्षण अधिकाऱ्याची कामं सांगतो. त्यात लिहिलं आहे की न्यायदंडाधिकाऱ्यांनी सांगितल्यास, गरज पडली तर पोलिसांची मदत घेऊन, हिंसाचारात वापरलेलं हत्यार जप्त करायचं. एकाच वाक्यात कोर्ट, संरक्षण अधिकारी आणि पोलीस! 'शेतीचं अवजार आहे' हे उत्तर इथं चालत नाही, कारण प्रश्न अवजार कशाचं हा नसून ते कशाला वापरलं हा आहे. फक्त कोर्टानं तसं सांगायला हवं. आणि कोर्ट सांगेल कधी, तर अर्जात मागितलं तर.

त्या ताईंच्या अर्जात हे मागितलेलंच नव्हतं. मारहाण लिहिली होती, खर्च मागितला होता, राहायला घर मागितलं होतं. कोयता हा शब्दही नव्हता. विचारल्यावर म्हणाल्या, "ते तर रोजचंच, त्यात काय लिहायचं?"

तर बायांनो, ते लिहायचं. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून घेतात, तेव्हा कोणतं हत्यार, कधी उगारलं, कुठं ठेवलेलं असतं, हे सांगायचं. मूळ अर्जात राहून गेलं असेल तर वकिलाला सांगून नवा अर्ज देता येतो. कायदा म्हणतो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न व्हावा. तारखा लांबतात हे आपण बघतो, पण तातडीचा अंतरिम हुकूम मागता येतो, हे लक्षात असू द्या.

आणि कोयता तुम्ही स्वतः उचलून विहिरीत टाकायला जाऊ नका. एक तर त्यात जीव जाईल, दुसरं म्हणजे वार झाला असेल तर तो पुरावा असतो, त्याचा पंचनामा व्हावा लागतो. त्या क्षणी घराबाहेर पडायचं, ११२ ला फोन करायचा. सल्ल्याला १८१ आणि कायद्याच्या मदतीला १५१०० हे नंबर आहेत.

हुकूम झाल्यावर काय, हा पुढचा तिढा. कायद्याचं कलम २४ सांगतं की हुकमाची प्रत फुकट द्यायची: दोन्ही पक्षांना, ज्या कोर्टात अर्ज केला त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला, आणि तिथल्या नोंदणीकृत सेवा संस्थेला. नीट ऐका, कोर्टाच्या हद्दीतलं ठाणं. समजा, एखादी लेक मार खाऊन इंदापूरला माहेरी आली. तिला तिथं राहून इंदापूरच्या कोर्टात अर्ज करता येतो, कायद्यानं तशी मुभा आहे. प्रत गेली इंदापूर ठाण्याला. पण नवरा राहतो वडगाव निंबाळकरच्या हद्दीत, दुसऱ्या तालुक्यात. उद्या ती मुलांची दप्तरं आणायला सासरी गेली आणि तिथं राडा झाला, तर वडगावच्या ठाणे अंमलदाराला हुकमाचा पत्ताही नसेल. म्हणून एक प्रत आपण स्वतः तिकडं न्यायची, आवक शिक्का मारून पोच घ्यायची. हुकूम मोडणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आधी पोलिसांना हुकूम माहीत तर असला पाहिजे.

ह्या यादीत आणखी एक जागा रिकामी आहे. शस्त्र परवान्याचं कार्यालय त्यात नाही. घरात परवान्याची बारा बोअर किंवा पिस्तूल असेल, तर बायकोला संरक्षणाचा हुकूम मिळाला हे परवाना देणाऱ्याला कोण कळवणार? निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात, हे आपण बघितलं आहे. म्हणजे जमा करून घेता येतात. शस्त्र कायद्याच्या कलम १७ मध्ये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित किंवा रद्द करायचा अधिकार आहे. तेव्हा साध्या कागदावर अर्ज, सोबत हुकमाची प्रत, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं स्पीड पोस्टानं पाठवायची, एक प्रत पोलीस ठाण्यात द्यायची. परवाना रद्द होईलच असं मी सांगत नाही. पण 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असं नंतर म्हणता येणार नाही. परवाना नसलेला कट्टा असेल तर प्रश्नच नाही, तो थेट गुन्हा. आणि लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडणं हाही २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे, ही गोष्ट नवरदेवाच्या मित्रांना आधीच सांगून ठेवलेली बरी.

तंटामुक्तीबद्दल थोडं कडू बोलते. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, रस्त्याची भांडणं तिनं मिटवली, कोर्टाचे हेलपाटे वाचवले. पण हत्यार चाललं असेल तिथं 'मिटवून घ्या' म्हणणं चुकीचं आहे. हत्यारानं दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ लागतं, आणि तो गुन्हा कोर्टातसुद्धा आपसात मिटवता येत नाही. मग पारावर कसा मिटेल? शंभराच्या स्टॅम्पवर 'पुन्हा असं करणार नाही' लिहून घेतात, चहा होतो, कोयता आपल्या जागी परत जातो. नुसती धमकी असेल तेव्हा ठाण्यात बहुतेकदा एनसी लिहितात. एनसीला कमी लेखू नका, तिची प्रत घ्या. कोर्टात ती कामाला येते. एफआयआर झाला तर त्याची प्रत फुकट मिळते, आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणं २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेनं पोलिसांवर बंधनकारक केलं आहे.

पोरांकडेही बघा. २०२४ साली बारामतीत कॉलेजच्या आवारात एका विद्यार्थ्याचा कोयत्यानं खून झाला. त्याच सुमारास तिथं शक्ती अभियान सुरू झालं: शाळा-कॉलेजात तक्रारपेट्या, आणि समाजमाध्यमांवर हत्यार घेऊन फोटो टाकणाऱ्यांवर नजर. चांगलं आहे. पण मोबाइलवर कोयता नाचवणारं पोरगं पोलिसांच्या आधी आईला, आत्याला दिसतं.

राहिली ग्रामपंचायत. विकास आराखड्यासाठी नऊ विषय ठरलेले आहेत. त्यात एक सामाजिक न्यायाचं आणि सुरक्षित गाव, एक महिलास्नेही गाव. लायबेरियाच्या गोष्टीत जी ध्येयं सांगितली, तीच इथवर आली आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं विचारायचं: तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचं नाव आणि फोन पंचायतीच्या फळ्यावर का नाही? बहुतेक गावांत हा साधा नंबर लिहिलेला नसतो.

त्या ताईंच्या गटानं बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता आखला आहे. कागद कोणता, कुठं दिला, पोच मिळाली का, पुढची तारीख कधी. कोयत्याच्या जप्तीचा अर्ज विधी सेवा समितीच्या वकिलांनी तयार केला आहे. तारखेला गटातल्या दोघी सोबत जाणार आहेत. त्यातल्या एकीनं त्या दिवशीच्या खुरपणीचा रोज बुडणार म्हणून गटाकडून भाडं मागितलं, आणि गटानं ते वहीत 'प्रवास खर्च' म्हणून मांडलं.