जर्मन पाहुणे, इंग्रजी दुभाषी आणि आपला शब्द

बचत गटांचा अभ्यास करायला कधी जर्मनीहून पाहुणे येतात. काहींना इंग्रजी जेमतेम येतं. मग त्यांचा प्रश्न आधी जर्मनमधून इंग्रजीत जातो आणि तिथून मराठीत आपल्यापर्यंत येतो. पहिल्याच टप्प्यावर अर्थ बदलला, तर आपण खरं सांगूनही भलतंच लिहिलं जातं. म्हणून जर्मन-इंग्रजी दुभाषी कसा शोधायचा, ते आज पाहू.

लिहिलेला मजकूर दुसऱ्या भाषेत लिहून देतो तो अनुवादक. बोलणं तिथल्या तिथे सांगतो तो दुभाषी. आपल्याला दुभाषी हवा, आणि त्याला समाजशास्त्राचे शब्दही कळायला हवेत. जर्मनमध्ये 'शुल्ड' या शब्दाचा अर्थ कर्ज होतो आणि अपराधही. कर्जदार बाईला अपराधी ठरवायला एवढी चूक पुरते! 'गेझेलशाफ्ट' म्हणजे समाज, आणि कंपनीसुद्धा. त्याचं इंग्रजीत 'सोसायटी' केलं, तर आपल्याला गावची कर्ज देणारी सोसायटीच आठवणार.

वाक्यरचनेचीही गंमत आहे. जर्मनमध्ये पुष्कळदा क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, इंग्रजीत ते आधी लागतं. घाईने अर्धं वाक्य ऐकून बोलणारा दुभाषी हमखास फसतो.

शोधायचं कुठे? जर्मनीत दुभाषी आणि अनुवादकांची 'बेडेयू' नावाची संघटना आहे. तिच्या यादीत भाषा आणि विषय पाहून माणूस निवडता येतो. पाहुण्यांना तिथूनच शोधायला सांगा. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा पुणे विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात चौकशी करता येते.

ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा. अशा मुलाखतींचं काम पूर्वी केलंय का? प्रश्नांची यादी आधी वाचाल का? ऐकलेलं बाहेर सांगणार नाही ना? मानधन तासावर की दिवसावर, आणि ते कोण देणार? घरातल्या त्रासाबद्दल बोलायचं असेल, तर बाई दुभाषी मागा.

बैठकीआधी बचत, अंतर्गत कर्ज, हप्ता, थकबाकी या शब्दांचा आपल्या गटातला अर्थ दुभाष्याला समजावून द्या. बोलताना दोन-तीन वाक्यांनी थांबा. आणि शेवटी, "आम्ही काय सांगितलं ते आता परत सांगा," असं म्हणा. त्यात संकोच कसला? शब्द आपला आहे, तो नीट पोचला का हे विचारायचा हक्कही आपलाच आहे.